पिशवी काढण्याआधी विचारायचा प्रश्न



२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येक जणी तिशी-पस्तिशीतल्या. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला 'पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलं होतं. पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्या-औषधांनी बरं होतं. त्यासाठी पिशवी काढायला लावणं हा अन्याय आहे, हे मी स्पष्टच म्हणेन.

पिशवी गेली की पाळी थांबते. पण पाळी जाण्याचं वय ठरवतात ती अंडाशयं. दोन्ही अंडाशयं काढली, तर तिशीतल्या बाईलाही त्याच आठवड्यात अंगातून वाफा निघायला लागतात, झोप उडते. हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली, तर ती काम करत राहतात. मात्र ती काही वर्षं आधी थकू शकतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्यांना रक्त पुरवणारी एक वाट गर्भाशयाकडून येते, ती शस्त्रक्रियेत तुटते, हे त्याचं एक कारण मानलं जातं. सगळ्यांच्याच बाबतीत असं घडत नाही. आणि पाळीच नसल्यामुळे हा बदल बाईच्या लक्षातही येत नाही.

काही जणींना मात्र अंडाशयं काढण्याचा खरोखर फायदा होतो. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल, तर मुलंबाळं झाल्यावर ३५ ते ४० या वयात, आणि बीआरसीए-२ मध्ये असेल तर ४० ते ४५ मध्ये, नळ्यांसह अंडाशयं काढण्याचा सल्ला देतात. या दोषामुळे अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि हा कर्करोग लवकर सापडत नाही, म्हणून हा निर्णय. पण तो रक्ततपासणी आणि समुपदेशन झाल्यावरच घ्यायचा.

तेव्हा बायांनो, शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी विचारा: 'अंडाशयं ठेवणार की काढणार? काढणार तर का?' घरी जाताना मिळणारं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. कोयता घेऊन कारखान्यावर जाताना त्याची एक प्रत सोबत असू द्या. अंडाशयं लहान वयात गेली असतील, तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरकांच्या गोळ्या घेता येतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर सहसा त्या देत नाहीत. हे ठरवायला डॉक्टरांना ते कार्ड लागतं.