दोन तिकिटे



बर्लिन शहराविषयीच्या एका पुस्तकाचा अनुवाद करताना मी अडले, ती एका साध्या क्रियापदापाशी. तेथील भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर प्रवाशाला अडविणारे फाटक नाही. कागदी तिकीट घ्यावे आणि प्रवासाआधी यंत्रात घालून त्यावर ठसा उमटवावा. या क्रियेला जर्मन शब्द आहे ‘एंटवेर्टन’, म्हणजे मूल्यहीन करणे. ठसा नसेल, तर तिकीट खिशात असूनही ६० युरो दंड. आपल्याकडे तिकीट फाडतो तो कंडक्टर. प्रवाशाने ते स्वहस्ते ‘रद्द’ केले असे लिहिले, तर वाचकाला वाटावे, बेतच बदलला!

काल येथे म्हैसूरला शहर बसने येताना हा शब्द पुन्हा आठवला. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना राज्याच्या साध्या बसगाड्यांत भाडे पडत नाही. तिकीट मात्र घ्यावेच लागते. शेजारच्या बाईंनी ओळखपत्र दाखविले आणि त्यांना शून्य रुपयांचे तिकीट मिळाले. मी महाराष्ट्रातली, म्हणून पैसे मोजले. पण त्या शून्यालाही मोल आहे. अशा तिकिटांच्या हिशेबावरच परिवहन महामंडळाला शासनाकडून भरपाई मिळते.

माझ्या अनुवादात मी ‘तिकिटावर शिक्का मारून घ्यावा’ असे लिहून बसले आहे. कोणाकडून? बर्लिनच्या फलाटावर शिक्का मारून देणारे कोणीही नसते. माझ्या भरवशावर कंडक्टरची वाट पाहणारा वाचक दंड भरील. पुढील आवृत्तीत ‘स्वतः मारावा’ अशी दुरुस्ती करणार आहे.