डॅफोडिल आणि नर्गिस

वर्ड्सवर्थची डॅफोडिलवरची कविता आपल्यापैकी अनेकांनी पाठ केली असेल. आमच्या गाइडात डॅफोडिलचा अर्थ ‘एक पिवळे विलायती फूल’ एवढाच दिला होता. आणि आमच्याच मोहल्ल्यात नर्गिस नावाच्या दोन मुली राहत होत्या! त्यांचं आणि त्या कवितेचं काही नातं आहे, हे कुणी सांगितलं नाही.

नातं अगदी जवळचं आहे. वनस्पतिशास्त्रात दोन्ही फुलं ‘नार्सिसस’ याच प्रजातीतली. फारसी कवींची नर्गिस बहुधा पांढरी, मध्ये पिवळी वाटी असलेली. वर्ड्सवर्थला १५ एप्रिल १८०२ रोजी बहीण डोरोथीसोबत फिरताना अल्सवॉटर तळ्याकाठी दिसली ती रानातली, पिवळी.

गंमत म्हणजे ‘डॅफोडिल’ हे नाव मुळात या फुलाचं नव्हेच. ग्रीकांचं ‘अ‍ॅस्फोडेल’ हे वेगळंच झाड. होमरच्या काव्यात ते मृतांच्या कुरणात फुलतं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचं ‘अफोडिलस’ झालं, इंग्रजीत ‘अफोडिल’. मग ते नाव या फुलाला चिकटलं आणि सोळाव्या शतकात त्याच्यामागे ‘ड’ लागला. तो डच भाषेतल्या उपपदाचा, असं एक मत आहे. आपणही स्टेशनाला ‘इ’ जोडून इस्टेशन केलंच की!

पाण्यात स्वतःचंच रूप पाहून झुरणारा नार्सिसस ओव्हिडमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो, फुलाचं नाव त्या मुलावरून नाही. ‘नार्के’ म्हणजे बधिरपणा, त्यावरून आलं. फुलाच्या वासाने डोकं जड होतं, म्हणून. ‘नार्कोटिक’ हा शब्दही त्याच ‘नार्के’चा. आजचे भाषातज्ज्ञ मात्र फुलाचं नाव ग्रीकपूर्व मानतात.

हाच शब्द फारसीत नर्गिस झाला, आणि तिथे अर्थच पालटला. फारसी-उर्दू कवींनी या फुलात डोळा पाहिला. कधी धुंद, कधी आजारी, कधी वाट पाहून थकलेला. ग्रीक मुलगा स्वतःलाच पाहत राहतो, नर्गिस दुसऱ्याची वाट पाहते. कवी म्हणून मला ही दुसरी जास्त आवडते. फातिमा रशीद या मुलीला सिनेमाने हेच नाव दिलं. काश्मिरीत या फुलाला यंबरज़ल म्हणतात. दीनानाथ नादिम यांनी १९५३ मध्ये भुंगा आणि यंबरज़ल यांच्या प्रेमावर काश्मिरी संगीतिका लिहिली.

वेल्समधले लोक डॅफोडिलला ‘पीटरचा लीक’ म्हणतात. लीक ही कांद्याच्या जातीची भाजी. शास्त्राच्या नव्या वर्गीकरणात कांदा, लसूण आणि डॅफोडिल एकाच कुळात बसवले आहेत. त्याचा कंद दिसतोही कांद्यासारखा. पण फोडणीला टाकू नका, विषारी असतो.