माझ्या मापाचा स्वेटर

मैत्रिणींनो, आजवर घरातल्या सगळ्यांसाठी स्वेटर विणले. यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या मापाचा, बटणांचा, वेणीच्या विणीचा घातला. तीन टाके जादा सुईवर पुढे धरायचे, पुढचे तीन विणायचे, मग धरलेले विणायचे. वेणीला पीळ पडतो. चैत्र आला, तरी एक बाही बाकीच. "आता उन्हाळ्यात कशाला?" घरचे विचारतात.

२०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात. करणारे पुरुष ९७. मग थंडीतला स्वेटर चैत्रापर्यंत लांबणारच!

संध्याकाळी तासभर मी गच्चीत बसते. हातात सुया, शेजारी कैरीचं पन्हं, कुठेतरी कोकिळ. कामं वाटून घेतली, तेव्हाच हा तास मिळाला. विरंगुळाही हक्कच आहे. तो मागायला लाजू नका.