डोळे शाबूत तर साक्ष शाबूत
(पाड्यांच्या प्रतिनिधींच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला आज डोळ्यांच्या आजारांवर बोलायला सांगितलंय. काही जण म्हणतील, जमिनीच्या शिबिरात डोळ्यांचं काय काढलं? म्हणून आधी माझ्या आजाची गोष्ट सांगते.

आमची दीड एकर भातजमीन सावकारानं अंगठा घेऊन नावावर करून घेतली. पुढं १९७४ चा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासीकडे गेलेली आदिवासीची जमीन परत मागता येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही मागितली. साहेब जागेवर पाहणीला आले. आजाला विचारलं, तुझी हद्द दाखव. आजानं तिथं सारा जन्म नांगर धरलेला. पण त्याला समोरचा ऐन दिसेना, बांधावरचा दगड दिसेना. हात भलतीकडंच गेला. सावकाराचा माणूस हसला. म्हणाला, ह्याला स्वतःची जमीन ओळखता येत नाही. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. आणि आम्ही घरात काय म्हणत होतो? डोकऱ्याचं वय झालं, आता डोळे जायचेच.

ती आमची चूक होती. आजाला मोतीबिंदू होता. डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होतं, उजेड आत जात नाही. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून लवकर कळत नाही. थेंबांनी, गोळीनं, झाडपाल्यानं तो जात नाही. ऑपरेशन हाच उपाय. सरकारचा अंधत्व निवारणाचा कार्यक्रम १९७६ पासून आहे. सरकारी दवाखान्यात, शिबिरात ऑपरेशन फुकट होतं. तिथं कोणी पैसे मागितले तर संघटनेला सांगा. फार वर्षं अंगावर काढलं तर डोळा दुखायला लागतो, कायमचाही जातो.

आजाचं ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा मिळाला. पुढच्या तारखेला त्यानं ऐन, दगड, जुना चर, सगळं बोट करून दाखवलं. निकाल अजून लागला नाही. पण त्याची साक्ष आता कागदावर आली.

आता ओळखायचं कसं ते ऐका. माणसाला उजेडात उभं करा. आपण २० फुटांवर, म्हणजे आठ-नऊ पावलांवर उभं राहायचं. त्याचा एक डोळा तळहातानं झाकायचा, दाबायचा नाही. आपली बोटं दाखवून विचारायचं, किती? मग दुसरा डोळा. बोटं मोजता आली नाहीत तर त्याचं नाव लिहून घ्या आणि दवाखान्यात न्या. ह्याला डॉक्टर लागत नाही, शाळेतलं पोरही करील.

दुसरं, रातांधळेपणा. पोर दिवसा खेळतं, पण तिन्हीसांजेला ठेचकाळतं, ताटातला घास चाचपडतं. त्याला धांदरट म्हणून मारू नका. अ जीवनसत्त्व कमी पडलंय. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसतो. तसंच सोडलं तर बुबुळ मऊ पडून फुटतं. गोवर आणि हगवणीनंतर जास्त जपा. १ ते ५ वर्षांच्या पोरांना दर ६ महिन्यांनी ह्या औषधाचा २ लाख युनिटचा डोस सरकारकडून मिळतो. नर्सबाई पाड्यावर येत नसेल तर आपण सगळ्यांनी जाऊन मागायचा. घरात शेवग्याचा पाला, टाकळा, माठ, पिकली पपई, तांबडा भोपळा द्या, वर थोडं तेल. ही भाजी बांधावर नि रानात होते. बांध सावकाराचा आणि रान बंद झालं, तर पोराच्या ताटात काय येणार? म्हणून डोळ्याचा प्रश्नही जमिनीचाच आहे.

तिसरं, झोडणीच्या वेळी डोळ्यात कुसळ जातं. डोळा लाल होतो, पाणी येतं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. तो डोळा त्याच दिवशी दवाखान्यात गेला पाहिजे. उशीर झाला तर फूल पडतं. रुईचा चीक, लिंबू, अंगावरचं दूध, दुकानातून कोणीही दिलेले थेंब, काही घालू नका. भगताला बोलवायचं तर बोलवा, त्याचा मान ठेवा, पण डोळ्यात काही घालू देऊ नका.

डोळे आले तर ते एकापासून दुसऱ्याला लागतात. फडकं वेगळं ठेवा, हात धुवा, एकाच काडीनं सगळ्या पोरांना काजळ घालू नका. तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर दाखवा. आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोळा-डोकं फार दुखत असेल तर थांबूच नका. तो काचबिंदू असू शकतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही.

आपण पाड्या-पाड्यात जमिनीच्या दाव्यांची यादी करतोय. त्यात एक रकाना वाढवा: बोटं दिसतात का? जुनी हद्द ज्यांना माहीत, ते सगळे म्हातारे आहेत. नकाशा तलाठ्याकडं आहे, आपला नकाशा त्यांच्या डोळ्यांत आहे. पुढच्या बैठकीला येताना ही यादी घेऊन या. मग कोणाला कधी दवाखान्यात न्यायचं आणि सोबत कोणी जायचं, ते तिथंच ठरवू.

जिंदाबाद!