धार काढणारा हात आणि गाईचा सौदा



गटाच्या बैठकीत गाईसाठी कर्जाचा विषय निघाला, की पहिला प्रश्न येतो, "दूध किती देते?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. गाय म्हणजे नुसते लिटर नव्हेत, हे आपल्या बायकांइतकं कुणाला ठाऊक?

आम्ही इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडच्या मुली डांगी गाईंच्या मागं वाढलो. पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर तांबडे डाग. इरलं घेऊन गुरं राखताना आम्ही कुडकुडायचो आणि गाय भर पावसात निवांत चरायची. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पावसाचं पाणी अंगात मुरत नाही, हे पुढे कळलं. खूर काळे आणि टणक. दूध थोडंच, पण तिचेच गोऱ्हे मोठे होऊन भाताच्या खाचरात चिखलणी करायचे.

गाय व्याली की खरवसाच्या आशेनं आम्ही वाटी घेऊन बसायचो. आजी म्हणायची, "आधी वासराला पिऊ द्या गं." त्या पहिल्या चिकातच वासराची रोगाशी लढायची ताकद असते. वासरानं ढुशी दिली की गाय पान्हा सोडते, नवखा माणूस बसला की दूध चोरते, हेही आम्ही गोठ्यातच पाहिलं.

मैत्रिणींनो, हे पाहणं आज पैशाच्या कामाचं आहे. रवंथ थांबला, नाकपुडी कोरडी पडली, कान गार लागले, की गाय बरी नाही. सकाळी माजावर आली तर संध्याकाळी रेतन करायचं. माज हुकला की पुढचे 21 दिवस चारा अंगावर. 2022 साली लंपीची साथ आली, तेव्हा जनावराच्या अंगावरच्या गाठी शेणघाण काढणाऱ्या बायकांच्याच नजरेला आधी पडल्या. अशा वेळी 1962 या क्रमांकावर फोन करावा, पशुवैद्यकीय मदत मिळते.

पण गाय घ्यायला बाजारात जातं कोण? घरातले पुरुष. कर्ज मात्र गटाचं, म्हणजे आपल्या नावावर!

म्हणून यापुढे तीन गोष्टी धरून चालू. एक, सौद्याला आपण जायचं आणि दोन वेळची धार स्वतः काढून पाहायची. दोन, ही गाय आपल्या पावसाला आणि चाऱ्याला झेपेल का, ते विचारायचं. संकरित गाय वाईट नाही, पण तिला कोरडा गोठा, हिरवा चारा आणि खुराक लागतो. तो खर्च आधी मांडायचा. तीन, डेअरीचं खातं आणि विम्याचा कागद आपल्या नावावर करायचा.

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो, गव्हाचं, दुधाचं खात नाही. तो मान गाईला द्यायचाच. तिला वर्षभर सांभाळणाऱ्या बाईचं नावही कागदावर यायला हवं. येत्या बैठकीत हा विषय घ्या.