वार ओलांडणारी प्रतिपिंडं



गरोदर बाईला धनुर्वाताची लस देतात. सुई टोचते आईच्या दंडाला, पण डोळा असतो बाळावरही. नाळ कापताना त्या जखमेतून धनुर्वाताचे जंतू शिरले, तर चार दिवसांचं मूल काय झुंजणार? म्हणून आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं जन्माआधीच वारेतून त्याच्याकडे गेलेली बरी. माता आणि नवजात धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. त्यात स्वच्छ बाळंतपणाच्या जोडीला या लसीचाही वाटा आहे.

पण सगळीच प्रतिपिंडं वार ओलांडत नाहीत. प्रतिपिंडाचा आकार गलोलीच्या बेचकीसारखा: दोन जड साखळ्या, दोन हलक्या. वरचे दोन फाटे जंतूला धरतात, खालची मूठ त्या प्रतिपिंडाने कुठे जायचं ते ठरवते. शास्त्रज्ञ रॉडनी पोर्टर यांनी पपईच्या चिकातलं पपेन वापरून हे फाटे आणि मूठ वेगळी केली. १९७२ चं नोबेल त्यांना आणि जेराल्ड एडलमन यांना मिळालं.

मुठी पाच तऱ्हेच्या, म्हणून वर्गही पाच. रक्तातला सर्वांत मोठा वाटा आयजीजीचा. त्याची मूठ वारेतल्या पेशी ओळखतात आणि त्याला पलीकडे नेऊन सोडतात. आयजीएम म्हणजे पाच रेणूंचा जुडगा. संसर्ग झाला की आधी हेच धावतं, पण वारेत त्याला वाट नाही. त्यामुळे नवजाताच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्धचं आयजीएम सापडलं, की डॉक्टरांना पोटातच संसर्ग झाल्याचा संशय येतो. आईकडून आलेल्या आयजीजीचा असा पुरावा होत नाही.

हीच वाट कधी घातही करते. आरएच निगेटिव्ह आईच्या शरीरात पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध आयजीजी तयार झालं, तर पुढच्या गरोदरपणात ते आत शिरून बाळाच्या रक्तपेशी फोडतं. तसं आयजीजी तयारच होऊ नये म्हणून अशा आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात.

आयजीए जोडीजोडीनं पहिल्या पिवळसर दुधातून येतं आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा करतं. ते दूध पिळून टाकायची रीत किती घरांत होती! आयजीई ॲलर्जीत शिंका आणि खाज आणतं, जंतांशीही लढतं. आयजीडी बहुतेक प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींवरच बसलेलं असतं.

आईकडून आलेलं आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं, मग त्याच्याही निम्मं. पण थोडं उरतंच, आणि गोवराच्या लसीतला विषाणूही तेच निकामी करू शकतं. म्हणून आपल्याकडे ती लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर टोचतात.