बाकावरचे दिवस
पुण्याजवळच्या हिंजवडीसारख्या ठिकाणच्या माहिती-तंत्रज्ञान सेवा कंपन्या मुख्यतः अभियंत्यांचे तास परदेशी ग्राहकांना विकतात, म्हणूनच प्रत्येकाला ‘टाइमशीट’, म्हणजे कोणत्या कामाला किती तास दिले याचा तक्ता, भरावा लागतो. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंत ज्याचे तास कोणाच्याच बिलात लागत नाहीत तो ‘बेंच’वर, म्हणजे बाकावर, असल्याचे मानले जाते. पगार चालू राहत असला तरी शाळेतल्या शिक्षेची आठवण करून देणारा हा शब्द निरुपद्रवी नाही, कारण बाक लांबला की नोकरीच धोक्यात येते. प्रकल्प हाती असला तरी दिवस सोपा नसतो: हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असल्याने ग्राहकाबरोबरची बैठक जेवणाच्या वेळेपर्यंत रेंगाळते, आणि ताटातली पोळी निवत असताना कर्मचारी माइक बंद ठेवून आपली पाळी येण्याची वाट पाहतो.